इयान होल्म १९७६ ला स्टेज सोडून गेले, मग परत कसे आले? (स्वतःच्या अडचणीतून विचारते आहे)

बुलडीची_मैना

नमस्कार. मी नागपूरची, वय ४६, नोकरी बँकेत आणि गेली २२ वर्षं हौशी नाटक. घरी विचारून झालं. घरचे म्हणतात, "जाऊ दे ना, पुढच्या वर्षी पुन्हा कर." पुन्हा कसं करायचं, हेच तर मी विचारून राहिली आहे.

मागच्या नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आमचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात माझं साडेचार मिनिटांचं स्वगत. तालमीत ते एकदाही अडलं नव्हतं. पोळ्या लाटताना म्हणायची, मेट्रोत सीताबर्डी ते खापरी ओठातल्या ओठात म्हणायची. प्रयोगात तिसरं वाक्य संपलं आणि पुढे काहीच नव्हतं. विसरलं की निदान आठवायची धडपड तरी होते, तीही झाली नाही. विंगेतून प्रॉम्प्ट आला, म्हणजे पुढचं वाक्य कोणी हळूच सांगितलं. मला तो स्पष्ट ऐकू आला, शब्द कळले, पण ते मी बोलायचे आहेत हेच कळेना. पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं. तो खोकला मला अजून ऐकू येतो. माझ्यासोबतच्या नटाने एन्ट्री आधीच घेतली, माझी दोन वाक्यं प्रश्न करून मलाच विचारली आणि नाटक पुढे नेलं. तिसरा अंक मी केला म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही.

जानेवारीत एका एकांकिकेसाठी बोलावलं. धरमपेठेत तालमीच्या जागेपर्यंत गेले, आतून टाळ्या मोजून हालचाल बसवण्याचा आवाज आला आणि मी जिन्यावरून परत फिरले. गाडी काढली ती थेट फुटाळ्याला. काठावर तासभर बसले आणि घरी येऊन सांगितलं की तालीम लवकर सुटली. घरी खोटं बोलले, याचं जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून दोन शॉर्ट फिल्म केल्या. तिथे भीती वाटत नाही. चुकलं तर पुन्हा टेक. आकाशवाणीचं एक नाटक केलं, हातात कागद होता, मजा आली.

आता मूळ प्रश्न. मुलगा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पुन्हा बघत होता. त्यातला म्हातारा बिल्बो, जो अंगठी खिशात ठेवायची की पाकिटात यावर स्वतःशीच झगडतो, तो नट मला फार आवडतो. नाव शोधलं, इयान होल्म. वाचताना कळलं की हा माणूस मुळात रंगभूमीचा, आणि १९७६ साली एका नाटकात त्याचं असंच झालं आणि त्याने स्टेज सोडलं. पुढे १९९७ मध्ये त्याने 'किंग लिअर' केला. मधल्या वर्षांत नेमकं काय झालं? कॅमेऱ्यासमोर काम करत राहणं ही पळवाट होती का? कारण मी सध्या तेच करते आहे, आणि मला स्वतःचा राग येतो.

---

जुना_प्रकाशवाला

मैनाताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला. मी ६८ वर्षांचा आहे. कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि संध्याकाळी तीस-एक वर्षं नाटकांना प्रकाश दिला. होल्म यांचं काम मी जमेल तिथून मिळवून पाहत आलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

जन्म १२ सप्टेंबर १९३१, लंडनच्या पूर्वेला गुडमेझ या गावी. आईवडील स्कॉटिश. वडील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, आई परिचारिका. मूळ आडनाव कथबर्ट. होल्म हे आईचं माहेरचं नाव, तेच त्यांनी रंगभूमीसाठी घेतलं. लंडनच्या राडा या नाट्यशाळेत शिकले, मध्ये सक्तीची लष्करी नोकरी झाली आणि १९५४ साली स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या नाटकांत भाला धरून मागे उभं राहण्यापासून सुरुवात केली. उंची बेताची, साडेपाच फुटांच्या आत-बाहेर. पण जागा सोडली नाही. त्याच कंपनीची पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनी झाली आणि तिथेच ते मोठे झाले. १९५९ मध्ये चार्ल्स लॉटन यांचा लिअर राजा होता, त्यात होल्म विदूषक होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साठच्या दशकात शेक्सपिअरचे तिसरा रिचर्ड आणि पाचवा हेन्री हे दोन्ही राजे केले. १९६५ मध्ये हॅरॉल्ड पिंटर यांच्या 'द होमकमिंग'मध्ये लेनी केला. तेच नाटक न्यूयॉर्कला गेलं आणि १९६७ चा टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे १९७६ येईपर्यंत या माणसाच्या पाठीशी २२ वर्षांचा व्यावसायिक रंगमंच होता. ताई, तुम्हीही २२ लिहिलंत. मी तिथेच थांबलो होतो. हे नवशिक्याला होतं तसं झालेलं नव्हतं.

नाटक होतं युजीन ओनील यांचं 'द आइसमन कमेथ', लंडनचं ऑल्डविच थिएटर, भूमिका हिकीची. ज्यांनी ते वाचलंय त्यांना ठाऊक असेल. हिकी येईपर्यंत सगळा दारूचा गुत्ता त्याचीच वाट पाहत असतो आणि शेवटच्या अंकात त्याचं एक प्रचंड लांब भाषण आहे. सगळे बसून ऐकतात, हा एकटा बोलत राहतो, आणि बोलता बोलता स्वतःच उघडा पडत जातो. तुमच्या साडेचार मिनिटांच्या कितीतरी पट. अधिकृत शुभारंभाच्या आधीचे, प्रेक्षकांसमोरचे प्रयोग सुरू होते. त्यात एके दिवशी सगळं तुटलं. ते मंचावरून निघून गेले आणि त्या नाटकात परतले नाहीत. वय ४४.

आता पळवाटेबद्दल. मला हा शब्द पटत नाही, आणि का ते सांगतो.

त्या मधल्या वर्षांत त्यांनी जे केलं ते बघा. १९७९ चा 'एलियन' हा चित्रपट. अंतराळयानावरचा विज्ञान अधिकारी ॲश. पुढे कळतं की तो माणूसच नाही, यंत्रमानव आहे, आणि त्याच्या अंगातून रक्ताऐवजी दुधासारखं पांढरं बाहेर येतं. पण ते कळण्याच्या कितीतरी आधी एका ठिकाणी ॲश एकटा उभा असताना जागच्या जागी दोन-चार उड्या मारतो, माणूस हातपाय मोकळे करतो तशा. बघणाऱ्याला तेव्हा कारण कळत नाही, फक्त कुठेतरी खटकतं. हे बारकाव्याचं काम रंगमंचावर तासलेल्या शरीराचंच आहे. १९८१ मध्ये बीबीसी रेडिओने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' २६ भागांत केलं, त्यात फ्रोडो यांनीच केला होता. वीस वर्षांनी चित्रपटात त्याच फ्रोडोचे काका झाले. तुम्ही आकाशवाणीचं लिहिलंत म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि १९८१ चाच चित्रपट 'चॅरिअट्स ऑफ फायर'. त्यातला धावपटूचा प्रशिक्षक सॅम मुसाबिनी. १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक, शर्यत सुरू आहे, आणि हा मैदानात नाही. जवळच्या एका खोलीत खिडकीपाशी एकटा बसलाय. काय झालं ते त्याला दिसत नाही. मग लांबवर झेंडा वर चढताना दिसतो, राष्ट्रगीत ऐकू येतं आणि त्याला कळतं की आपला मुलगा जिंकला. तो उभा राहतो, आणि काय करावं ते न सुचून आपल्या गवताच्या टोपीत मूठ घालतो, मूठ आरपार जाते. संवाद जवळजवळ नाहीच. या कामाला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला, कान महोत्सवात पुरस्कार मिळाला, ऑस्करचं नामांकन झालं. मी हा प्रसंग दहा वेळा तरी पाहिला असेल. ज्या नटाला भरलेल्या प्रेक्षागृहासमोर उभं राहता येत नव्हतं त्याने, स्टेडियमबाहेर एका खोलीत बसून, आतल्या गर्दीचा सगळा आवाज स्वतःच्या चेहऱ्यावर आणलाय. याला पळवाट कशी म्हणायची?

परत येणं झालं १९९३ मध्ये. कसं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. लंडनचं अल्मेडा थिएटर, सुमारे तीनशे खुर्च्या. नाटक 'मूनलाइट', लेखक पुन्हा पिंटर, ज्यांचे विराम आणि ज्यांची वाक्यं २८ वर्षांपूर्वीच होल्म यांच्या जिभेवर बसली होती. भूमिका मरणपंथाला लागलेल्या अँडीची, जो अंथरुणात आहे. नीट पाहा: छोटी जागा, ओळखीचा लेखक, आणि अंगाखाली पलंग. या तीन गोष्टी कोणी ठरवून जुळवल्या असं मी म्हणत नाही. पण प्रकाशवाल्याच्या नजरेने बघतो तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटतं. मोठ्या सभागृहात समोरचे दिवे डोळ्यांत घेतले की पुढे नुसता काळोख असतो आणि नटाला वाटतं आपण विहिरीत बोलतोय. छोट्या जागेत मंचावरचा उजेड पहिल्या दोन-तीन रांगांवर सांडतो, गुडघे दिसतात, कोणाच्या मांडीवरची पर्स दिसते. मी प्रकाश दिलेल्या नटांपैकी काहींना काळोखाची भीती असायची, काहींना चेहऱ्यांची. तुमची कोणती, हे तुम्ही स्वतःला विचारलंय का? तो खोकला तुम्हाला काळोखातून आला की चेहऱ्यातून?

मग १९९७. नॅशनल थिएटरमधलं सगळ्यात लहान सभागृह, कॉटेस्लो, तेही तीनशेच्या आसपास. दिग्दर्शक रिचर्ड आयर. १९५९ चा विदूषक ३८ वर्षांनी लिअर राजा झाला. मी त्याचं बीबीसीने केलेलं चित्रीकरण पाहिलंय. वादळाच्या प्रवेशात हा पासष्टीचा बुटका म्हातारा अंगावरचे सगळे कपडे टाकून देतो. त्यात भडकपणा नावाला नाही. थंडीने कुडकुडणारं शरीर आहे फक्त. शेजारी विदूषक आहे मायकेल ब्रायंट, तोही म्हातारा, आणि दोघे एकमेकांना धरतात तेव्हा मला प्रत्येक वेळी १९५९ आठवतं, जे मी पाहिलेलंच नाही. या कामासाठी त्यांना ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा पुरस्कार मिळाला आणि १९९८ मध्ये 'सर' हा किताब. १९ जून २०२० ला गेले, पार्किन्सन्स होता.

---

वडशाचा_गडी

ताई, मी झाडीपट्टीवाला, म्हणजे पूर्व विदर्भात गावोगावी रात्रभर नाटकं करणारा. १४ सीझन झाले. लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या.

सरांनी लय चांगलं सांगितलं, पण मले एक गोष्ट सांगाची आहे. तुमच्या स्पर्धेत प्रॉम्प्ट घेणं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटते. मार्क कापतात म्हणे. आमच्याकडे तसं नाही जी. दिवाळी झाली का आमचा हंगाम सुरू. आज या गावी, उद्या त्या गावी, रात्री दहाला पडदा उघडला तं उजाडेपर्यंत. एका सीझनले मी तीन-चार नाटकं करतो. तालमी हाताच्या बोटावर मोजाव्या एवढ्या. सगळं पाठ कोणाचंच नसते. प्रॉम्प्टर हा आमच्या कंपनीचा माणूस असते, नटासारखाच. त्याले नाटक आमच्यापेक्षा जास्त माहीत. चांगला प्रॉम्प्टर कोणता, तर जो वाक्य सांगत नाही, वाक्याच्या आधीचा श्वास सांगते. त्याने श्वास घेतला का मले कळते, आता माझं आहे.

माह्या सहाव्या सीझनले मले असंच झालं होतं. वडील जाऊन बारा दिवस झाले होते आणि नाटकात बापाचं मरण होतं. पुरा ब्लँक. मंडपात तीन-चार गावचे लोक, पोरं पार पुढे येऊन बसलेली. मी नुसता उभा. आमचा प्रॉम्प्टर काय करावं, तो मोठ्याने बोलला नाही. तो विंगेतून थोडा पुढे सरकला, मले त्याचं तोंड दिसेल असा, आणि माह्याकडे पाहून पूर्ण वाक्य हळू म्हटलं, जसं लहान पोराले घास भरवतात. मी त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणत गेलो. पानभर. लोकाईले वाटलं मी विंगेतल्या मेलेल्या बापासंग बोलून राहिलो. मंडप रडला.

म्हणून सांगतो, तुमचा प्रॉम्प्टर तुमाले दिसते का? विंगेत अंधारात नुसता आवाज असन तं तो भुतासारखा वाटते, मी सांगतो. त्याले दिसेल असं बसवा. आणि तालमीत मुद्दाम अडका. पाठ असलं तरी अडका आणि त्याच्याकडून घ्या. घ्यायची सवय पाह्यजे.

---

शंकरनगर_चौक

दोन गोष्टी जोडतो.

एक, प्रकाशवाले सर, १९७६ ते १९९३ मध्ये एक अपवाद आहे. १९७९ मध्ये हॅम्पस्टेड थिएटरला त्यांनी 'अंकल व्हान्या'त काम केलं होतं. ते थिएटरही लहानच. पण त्यानंतर पुन्हा रंगमंचापासून लांबच राहिले. मला ही गोष्ट सांगावीशी वाटते, कारण मैनाताईंना कदाचित वाटेल की एकदा प्रयोग पार पडला की सुटलो. तसं होईलच असं नाही. एखादा प्रयोग चांगला होऊनही पुढची वर्षं कठीण जाऊ शकतात, आणि त्यानंतरही लिअर होऊ शकतो.

दोन, ब्रिटिश रंगभूमीचे मोठे नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांनाही साठच्या दशकात, स्वतः नॅशनल थिएटरचे प्रमुख असताना, या भीतीने गाठलं होतं. त्यांनी मंच सोडला नाही. सोबतच्या नटांना ते सांगायचे की माझ्या थेट डोळ्यांत पाहू नका. म्हणजे एकाला नजर नको होती, आणि वडशाच्या दादांना नजरेनेच तारलं. प्रत्येकाचं वेगळं.

ताई, ही धडधड नाटकाबाहेर, म्हणजे बँकेत किंवा झोपेतही होत असेल तर एकदा समुपदेशकाला भेटा. माझ्या बहिणीला फायदा झाला.

---

बुलडीची_मैना

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा. तिघांचंही तीन-चारदा वाचलं. बँकेत किंवा झोपेत असं होत नाही, फक्त नाटकाचा विषय निघाला की होतं.

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं नाही, दोन दिवस लागले. खोकला काळोखातून आला होता. मी तो माणूस पाहिलाच नव्हता. इतके दिवस मी त्याला एक चेहरा देत होते, आणि तो चेहरा माझ्या पहिल्या दिग्दर्शकांचा होता, जे आता नाहीत. हे लिहितानाही मला वेळ लागतो आहे.

मी आमच्या दिग्दर्शकाला फोन केला आणि जिन्यावरून परत फिरल्याचं खरं सांगून टाकलं. घरीही सांगितलं. नवऱ्याने एवढंच विचारलं की फुटाळ्याला एकटीच बसली होतीस का, आणि पुढच्या वेळी सांग म्हणाला, मी येईन.

मागच्या रविवारी रामदासपेठेत एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये आम्ही त्याच नाटकाचं अभिवाचन केलं. सतरा माणसं, सगळे ट्यूबलाइट सुरू. माझी खुर्ची, आणि बरोबर समोर, लोकांच्या मध्ये, आमचा प्रॉम्प्टर. तो कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला मी वडशाच्या दादांचं लिहिलेलं वाचायला दिलं होतं. स्वगत मी कागद उलटा ठेवून म्हटलं. तिसऱ्या वाक्यानंतर अडकले. तिथेच, त्याच जागी. मुद्दाम नाही, खरंच. हाताचे तळवे गार पडले. पोराने माझ्याकडे पाहिलं आणि श्वास घेतला, छाती वर झालेली मला दिसली. चौथं वाक्य आलं. मग शेवटपर्यंत म्हटलं. मैत्रिणीच्या सासूबाई मध्येच खोकल्या, आणि मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हाताने खूण केली, चालू दे.

नोव्हेंबरच्या स्पर्धेत मी नाही. हे दिग्दर्शकाशी बोलून ठरवलं आणि त्याचा त्रास होत नाहीये. आकाशवाणीचं आणखी एक नाटक हातात आहे, ते मनापासून करणार. अभिवाचन पुढच्या महिन्यात पुन्हा, यावेळी चाळीस माणसं आणि मी उभी राहून. मुसाबिनीचा प्रसंग मुलासोबत पाहिला. टोपी फुटली तेव्हा तो हसला, मग माझ्याकडे बघून गप्प बसला.

वडशाचे दादा, दिवाळीनंतर तुमचा प्रयोग कोणत्या गावी आहे ते इथे टाकाल का? आम्ही दोघं गाडीने येऊ. आणि तुमच्या प्रॉम्प्टरना विचारा, रात्रभर त्यांच्या शेजारी बसू देतील का.